रातूंपेक्षा उंच

माणसाने तत्त्व बाळगावं, पण प्रवासाला निघताना सामान बेताचं असावं हेही तितकंच खरं. केलेरा वाइतोलू बेटाला निघाली तेव्हा तिच्याजवळ कपड्यांची एक पिशवी होती, ज्यांचं पाण्यात कालवून मानाचं पेय करतात त्या यांगोनाच्या मुळ्यांची वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुडी होती, स्वतः बसलेली होती ती चाकांची खुर्ची होती आणि एक तत्त्व होतं. यांतली जुडी तेवढी बेटावर देऊन यायची होती. बाकीचं सगळं परत आणायचं होतं.

तत्त्व असं, की खुर्चीतून कुणासाठीही उतरायचं नाही. ते काही तिला आकाशातून सुचलेलं नव्हतं. लहानपणापासून तिला मामा-काकांनी दालोच्या कंदांच्या पोत्यासारखं उचलून चर्चमध्ये एका कोपऱ्यात, लग्नात दुसऱ्या कोपऱ्यात आणि मयतीत तिसऱ्या कोपऱ्यात ठेवलेलं होतं. ठेवणारे प्रेमळ होते, पण ठेवून विसरायचे. पुढे तिला राजधानीत, सुव्यातल्या एका संस्थेत नोकरी लागली. तिथे साहेबापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळेच कुणी न पाहणारे, कुणी न ऐकणारे, कुणी न चालणारे. तिथे पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की खुर्ची म्हणजे आपले पाय, आणि आपल्याला न विचारता आपले पाय काढून ठेवण्याचा हक्क कुणाला नाही. हे तिला इतकं पटलं, की त्यावर भाषण करायला तिला संस्था गावोगाव पाठवू लागली. भाषण ती उत्तम करायची.

वाइतोलूला जायचं कारण मात्र भाषण नव्हतं. काही महिन्यांपूर्वी तिथल्या दवाखान्याच्या फोनवरून एका मुलीचा फोन आला होता. आवाज कोवळा, पण घाबरलेला नव्हता. "मी लाइसानी. तुमच्याकडे आमच्यासारख्यांना नोकरी देतात असं नर्सबाई म्हणतात. खरं आहे का? की फक्त सुव्यातल्यांनाच देतात?"

हा प्रश्न केलेराला लागला, कारण तो खरा होता. संस्थेत सगळे सुव्यातलेच होते. ती म्हणाली, "मी स्वतः तुला भेटायला येते." आणि मग तिने खरोखरच साहेबांच्या मागे लागून, बेटांवरच्या एखाद्या तरुण मुलासाठी किंवा मुलीसाठी एक शिकाऊ जागा मंजूर करून घेतली. संस्थेच्या मंडळाने अट घातली, की समोरासमोर बसून बोलून माणूस निवडायचा, फोनवर नाही. या फेरीत कुणी मिळालं नाही तर जागा सुव्यातल्याच कुणाला द्यायची. मंडळं अशी अट घालतात तेव्हा त्यांना फार समाधान वाटतं.

सोबतीला संस्थेतलाच अविनेश होता. अविनेश जन्मापासून आंधळा, बोलण्यात वाघ आणि जेवणात त्याहून मोठा वाघ. त्याचंही एक तत्त्व होतं. कुणालाही "तुला काय झालंय?" असं विचारायचं नाही. नौसोरीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या प्रत्येक माणसाने त्याला आयुष्यभर हेच विचारलं होतं, त्यामुळे या बाबतीत तो साधुपुरुष झाला होता. म्हणजे एका बोटीत दोन माणसं आणि दोन तत्त्वं. बोट चालली हेच नवल.

निघण्याआधी सल्ले झाले. केलेराच्या आईने कमरेला गुंडाळायचा, घोट्यापर्यंतचा सुलू घ्यायला लावला. शेजारच्या शीला आँटी कुंपणावरून म्हणाल्या, "बेटावरचे लोक जुन्या वळणाचे असतात हो. डोक्यावर टोपी नको, डोळ्यांवर काळा चष्मा नको."

"पण अविनेशला चष्मा लागतो," केलेराची आई म्हणाली.

"त्याला कशाला? त्याला दिसतं कुठे?"

 अविनेशने चष्मा खिशात ठेवला.

बोटीच्या कचेरीत खुर्ची सामानात धरायची की प्रवाशात, यावर कारकुनाने बराच वेळ विचार केला. सामान असेल तर तिच्यावर कुणी बसता कामा नये असा नियम होता. प्रवासी असेल तर तिला जीवरक्षक जाकीट घालायला हवं होतं. शेवटी खुर्चीच्या पाठीला एक नारिंगी जाकीट बांधण्यात आलं आणि केलेराला दुसरं. अशा थाटात ते बेटाच्या पलीकडच्या धक्क्यावर पोचले. तिथून गावापर्यंत लहान होडी होती. होडीवाल्याने बजावलं, "दुपारच्या ओहोटीआधी निघायचं. खडकाच्या फटीतलं पाणी गेलं की होडी अडकते, आणि मोठी बोट तुमच्यासाठी थांबणार नाही. पुढची बोट महिन्याने."

"दोन तासांचं काम आहे," केलेरा म्हणाली. आणि होतंही तेवढंच. गावात गेल्यावर रातूंपुढे, म्हणजे गावच्या सरदारांपुढे, यांगोना ठेवायचा आणि गावात येण्याची परवानगी मागायची, त्यांनी होकार दिला की चार शब्द बोलायचे, मग लाइसानीला बोलवायचं. परवानगीआधी कुणालाच बोलवता येत नाही. ते कुणाच्याही घरात बेल न वाजवता घुसण्यासारखं झालं असतं.

पहिली अडचण सभेच्या घराच्या उंबऱ्यावर आली. आत चटया होत्या आणि चटईवर चपला चालत नाहीत. प्रश्न असा पडला, की चाक ही चप्पल आहे का? रातूंच्या वतीने बोलायचा मान सेमिसी नावाच्या गृहस्थांकडे होता. ते उंच, किडकिडीत आणि अत्यंत गंभीर. त्यांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला की चाक ही चप्पलच आहे, पण काढता न येणारी, म्हणून धुवावी. दोन जणांनी समुद्राच्या पाण्याने चाकं धुतली. मग कुणीतरी म्हणालं की खाऱ्या पाण्याने लोखंड गंजतं, म्हणून पुन्हा गोड्या पाण्याने धुतली. मग पुसली. केलेरा हे सगळं हसतमुखाने सहन करत होती. आपल्या पायांना पहिल्यांदाच कुणीतरी एवढा मान देतंय असंही तिला वाटलं.

मग खुर्ची आत नेली, आणि सगळे गप्प झाले.

रातू इलिएसा समोर चटईवर मांडी घालून बसले होते. वयस्कर, गोल चेहऱ्याचे, झोपाळू डोळ्यांचे. त्यांच्यापेक्षा उंच डोकं त्या घरात कुणाचं असता कामा नये, ही रीत शाळेतल्या पोरालाही ठाऊक. म्हणूनच तर त्यांच्यासमोरून जाणारा कमरेत वाकून जातो. आणि केलेराचं डोकं, खुर्चीच्या कृपेने, रातूंच्या डोक्याहून चांगलं हातभर वर होतं.

"काय झालं?" अविनेशने हळूच विचारलं. तो केव्हाच चटईवर मांडी ठोकून बसला होता.

"मी रातूंपेक्षा उंच आहे," केलेरा पुटपुटली.

"मग वाक."

"वाकलेच आहे. तरी उंच आहे."

सेमिसी गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ आले. "बाई, जरा खाली बसता का? आम्ही मदत करतो."

इथे केलेराने उतरायला हवं होतं का? तिला चटईवर बसता येत होतं. घरी ती रोज बसायची. पण समोर सगळं गाव होतं, आणि त्या गावात कुठेतरी एक मुलगी होती जिला आजवर असंच उचलून कोपऱ्यात ठेवलं गेलं असणार. तिने पाहायला हवं की आपल्यासारखी बाई मोठ्यांपुढेही आपली खुर्ची सोडत नाही. केलेराने हे सगळं तिच्यासाठी केलं. निदान त्या क्षणी तिला तसं मनापासून वाटलं.

"सेमिसी, माफ करा," ती नम्रपणे म्हणाली. "ही खुर्ची म्हणजे माझे पाय आहेत."

सेमिसींनी विचार केला. "पाय आम्हालाही आहेत, बाई. आम्ही दुमडून बसतो."

मागे कुणीतरी खुसखुसलं. केलेराची कानशिलं तापली. आता तर उतरणं शक्यच नव्हतं. तत्त्व एकवेळ सोडता येतं, पण लोक हसल्यावर उतरणं म्हणजे हार. ती म्हणाली, "मी खुर्चीतूनच बोलेन. रातूंचा अनादर करायचा माझा मुळीच विचार नाही."

ज्येष्ठ मंडळींनी डोकी एकत्र केली. पाहुणीला खाली आणता येत नाही, तर उपाय एकच, रातूंना वर न्यायचं. आधी त्यांच्याखाली आणखी चटया घातल्या. त्या काही पुरल्या नाहीत. मग सेमिसींच्या घरची गादी आणली. ती मऊ निघाली आणि रातू तिच्यात होते त्याहून खाली गेले. मग पाद्रीबाबांची चर्चमधली खुर्ची आणायचं ठरलं. पण पाद्रीबाबा शेजारच्या गावी गेलेले, आणि किल्ली त्यांच्या बायकोकडे, आणि बायको म्हणाली की ही खुर्ची देवाची, ती यांगोनाला देता येत नाही. तिची समजूत घालायला तीन मंडळी गेली.

या सगळ्या वेळात बायकांच्या बाजूला एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि केलेराकडे टक लावून पाहत होती. मधूनच ती तोंड उघडायची आणि पुन्हा मिटायची. आपल्या आगाऊपणावर म्हातारी संतापली आहे हे केलेराला स्पष्ट दिसत होतं. तिने तिच्याकडे पाहायचं टाळलं.

अविनेशला भूक लागली होती. "खुर्ची येईपर्यंत मी जरा स्वयंपाकघराकडे जाऊन येतो," तो म्हणाला. "नारळाच्या दुधातल्या माशाचा वास येतोय."

"अरे, आपण कामाला आलोय."

"काम वर चढतंय. मी खालीच बरा," असं म्हणून तो काठी टेकत, नाकाच्या भरवशावर निघून गेला.

देवाची खुर्ची आली. रातू तिच्यावर बसले तेव्हा त्यांचं डोकं बरोबर केलेराच्या डोक्याइतकं झालं. बरोबरीही चालत नाही. म्हणून शाळेतलं टेबल आणून त्यावर खुर्ची ठेवली आणि खुर्चीत रातूंना बसवलं. टेबलाचा एक पाय तोकडा होता, त्याखाली नारळाची करवंटी सरकवली. आता रातू निःसंशय उंच होते. त्यांचे पांढरे केस छपराच्या वाशाला लागत होते. ते एका हाताने वासा धरून बसले होते आणि डोळ्यांतली झोप पार उडाली होती.

पण रीत म्हणजे विणलेली चटई. एक पाती ओढली की सगळी सरकतात. रातूंचे चुलतभाऊ म्हणाले, रातू टेबलावर असताना आम्ही चाकरांच्या बरोबरीने जमिनीवर कसे? त्यांच्यासाठी बाकं आली. मग सेमिसींना बाकाखाली पण चटईवर असं काहीतरी हवं होतं. त्यांना ती मऊ गादी मिळाली. त्यांनी समारंभाचं सगळं बोलणं त्या गादीत रुतूनच केलं.

यांगोना कालवला गेला. पहिली वाटी रातूंची. वाटी देणाऱ्याने गुडघ्यांवर जायचं, डोकं झुकवायचं आणि दोन्ही हातांनी वाटी पुढे करायची. गुडघ्यांवर बसलेल्या माणसाने टेबलावरच्या खुर्चीतल्या माणसाला वाटी कशी द्यावी, हे पूर्वजांनी सांगून ठेवलेलं नव्हतं. त्याने डोकं झुकवलं, हात वर ताणले, आणि वाटी डोक्यावर उपडी करून घेतली. दुसऱ्या खेपेला ती रातूंच्या मांडीवर गेली. तिसऱ्या खेपेला रातूंनीच वाकून घ्यायचा प्रयत्न केला, टेबल करवंटीवरून हललं आणि चार माणसांनी धावत टेबलाचे पाय धरले. ती मंडळी पुढचा सगळा समारंभ टेबल धरूनच बसली. वाटी रिकामी झाली की टाळ्या वाजवायच्या असतात, त्यासाठी त्यांना हात उरले नाहीत.

शेवटी एकदाची परवानगी मिळाली. केलेराने भाषण सुरू केलं. तिचं भाषण चांगलं रंगत असतानाच वरून रातूंचा आवाज आला. इतक्या वेळात ते पहिल्यांदाच बोलले.

"सेमिसी, मला इथून खिडकीतून समुद्र दिसतोय. पाणी गेलं की रे."

घर रिकामं झालं. होडीवाला बाहेरून हाका मारत होता. केलेरा म्हणाली, "थांबा, मला लाइसानीला भेटायचंय. लाइसानी कुठे आहे?" पण तोवर चार दांडगी माणसं तिला खुर्चीसकट उचलून किनाऱ्याकडे पळू लागली होती. "थांबा," ती पुन्हा म्हणाली. "घाबरू नका बाई, पाडणार नाही," एकाने धीर दिला आणि ते आणखी जोरात पळाले.

तिला ओरडता आलं असतं. पण दोन्ही बाजूंना गाव उभं होतं, सगळे हात हलवत होते, आणि पाहुण्या बाईने, तत्त्वाच्या बाईने, खुर्चीत उसळत किंचाळत जावं हे तिला बरं दिसेना. ती ताठ बसली आणि तिनेही हात हलवला. स्वयंपाकघराच्या दाराशी निळ्या झग्यातली, कानामागे फूल खोवलेली एक मुलगी चटईवर बसली होती. तिनेही हात वर केला होता. मागून ती म्हातारी काहीतरी ओरडत येत होती, पण तिचे गुडघे साथ देत नव्हते.

होडी फटीतून निघाली तेव्हा तळ खडकाला घासला. अविनेश खूश होता. "मासा काय होता म्हणून सांगू! आणि ती स्वयंपाकघरातली मुलगी तर भन्नाट. सगळ्या बायकांना हुकूम सोडत होती. मी तिला मॅनेजर म्हटलं. सुव्याबद्दल विचारत होती सारखं. भाडं किती, बस थांबते का, पाऊस किती. मी म्हटलं, अगं बाई, इथे गरम कसावा सोलून खातेस, तुला ही दुर्बुद्धी कुठून सुचली? बस आपल्यासारख्यांना पाहून वेग वाढवते, छप्पर गळतं पण घरमालक फक्त भाडं घ्यायलाच दाराशी येतो, आणि पाव पावसातून घरी नेईपर्यंत त्याची लापशी होते. खूप हसली."

"नाव काय तिचं?"

"लाई म्हणत होते सगळे."

 केलेराने लगेच विचारलं, "ती उठून चालत होती का?"

"मला काय माहीत? जमिनीवर सरकल्यासारखा आवाज यायचा. पण मी कुणाला असं काही विचारत नाही, तुला ठाऊक आहे." मग त्याने खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.  "लाइसानी सभेत तुझ्यासमोर असेल असं मला वाटलं," तो म्हणाला. "आणि जिला आपण शोधतोय ती एखाद्या कोपऱ्यात गप्प बसलेली असेल. ही तर सगळं स्वयंपाकघर चालवत होती गं."

होडीवाल्याला परत फिरायला सांगण्यात अर्थ नव्हता. मागे खडक उघडे पडले होते. केलेराला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. अविनेशने तिचा हात शोधून धरला आणि दोघांपैकी कुणीच कुणाला दोष दिला नाही. द्यायचा तर सारखाच द्यावा लागला असता.

पुढे तिने मंडळापुढे फार खटपट केली. समोरासमोर भेट झाली आहे, असंही सांगितलं. मंडळाने विचारलं, काय बोलणं झालं? तेव्हा तिला काही सांगता आलं नाही. मग आणखी थोडी मुदत मिळाली आणि दवाखान्याच्या फोनवर लाइसानी आली.

"लाइसानी, तू ये," केलेरा म्हणाली. "अविनेश गंमत करत होता. त्याला गंमत केल्याशिवाय जेवण पचत नाही. सुवा तेवढं वाईट नाही. मी तुला माझ्या घरी ठेवून घेईन."

"त्यांची गंमत मला कळली मॅडम," लाइसानी म्हणाली. "त्यांचं काही नाही. पावसाला मी भिते थोडीच?"

"मग?"

लाइसानी म्हणाली, "स्वयंपाकघराच्या दारातून सभेचं घर दिसतं. मी तुम्हाला बघत होते. माझी बुबू, आजी हो, तिथे भिंतीला टेकून बसली होती; ती म्हणाली होती, तुम्ही खूण केली की मला आत न्यायचं. तुम्ही किती ताठ बसला होता. रातूंसाठीसुद्धा उतरला नाहीत. मी तशा खुर्चीत कधी बसले नाही मॅडम. मी जमिनीवर सरकते. सगळं गाव जमिनीवर बसतं, त्यामुळे मला इथे कधी काही वाटलं नाही. तुमच्या नोकरीत असं वर बसायला लागत असेल तर मला नाही जमणार. मी पडेन."

केलेराने तिला सांगितलं, की असं काही लागत नाही. जमिनीवर बसून काम करता येतं. मी स्वतः घरी जमिनीवरच बसते. ती पुष्कळ बोलली. भाषणात बोलायची त्याहून चांगलं बोलली. लाइसानी सगळं ऐकून घेत होती, मोठ्या माणसाचं ऐकावं तसं, हो हो म्हणत. केलेराला तो "हो" ओळखीचा होता. चर्चच्या कोपऱ्यात बसून तिने तो अनेकांना दिला होता.

"त्या दिवशी जाताना मी तुला पाहिलं," केलेरा शेवटी म्हणाली. "निळ्या झग्यात होतीस. मी हात केला होता."

"हो, दिसला," लाइसानी म्हणाली. "सगळ्यांनाच केलात."

मग तिने फोन आजीला दिला. म्हातारीने केलेराची, तिच्या आईची आणि अविनेशच्या पोटाची चौकशी केली. टेबलावरून उतरताना आपटलेला रातूंचा गुडघा आता बरा आहे असं सांगितलं. पुढच्या खेपेला भरतीला या, म्हणजे निवांत जेवता येईल, असंही म्हणाली. केलेरा येते म्हणाली.

जागा सुव्यातल्या एका मुलाला मिळाली. मुलगा गुणी आहे, काम चोख करतो, त्याच्याबद्दल कुणाची काही तक्रार नाही.